बेटावरच्या जंगलात उंदरांची जागावाटणी कशी तपासावी

जमिनीवर शेंगदाण्याचे आमिष आणि फक्त रात्रीची पाहणी, एवढ्यावर केलेली नोंद हमखास फसते. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरच्या डोंगरांत लांब नाकाचे, गांडुळांवर जगणारे उंदीर आहेत. ते दिवसाही फिरतात आणि शेंगदाण्याकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. एकाच जंगलातल्या जाती आहार, उंची आणि वेळ वाटून घेतात, म्हणून पिंजरेही तसेच वाटावे लागतात.

आधी वनखात्याची परवानगी. मग एका रांगेत घडीचे पत्र्याचे ६० पिंजरे, साधारण १० मीटर अंतराने: ४० जमिनीवर, मुळांच्या बेचक्यांत आणि पडलेल्या ओंडक्यांलगत; २० वेलींवर व फांद्यांवर, १ ते ५ मीटर उंचीवर. वरचे पिंजरे तारेने घट्ट बांधा. पिंजरा हलला की प्राणी आत पाय टाकत नाही. निम्म्यांत पीनट बटर लावलेले खोबरे, निम्म्यांत जिवंत गांडूळ, झाडावरही दोन्ही. आमिष सकाळी आणि संध्याकाळी बदला, कारण मुंग्या ते तासाभरात फस्त करतात, अडकलेल्या प्राण्यालाही सोडत नाहीत. आत सुकी पाने, वर सावली हवीच. पत्रा उन्हात भट्टीसारखा तापतो. चिचुंद्री उपाशीपोटी काही तासांत मरते. ती सापडणाऱ्या भागात दर दोन-तीन तासांनी फेरी मारा.

हातमोजे घालूनच हाताळा, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. वजन, शेपटी, मागचे पाऊल आणि पिंजऱ्याची उंची लिहा. अंगापेक्षा लांब शेपटी आणि रुंद पाऊल बहुधा चढणाऱ्याचे. सोडण्यापूर्वी पाठीवरचे थोडे केस कातरा, म्हणजे तोच प्राणी दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

५ रात्री चालवा: ६० × ५ = ३०० पिंजरा-रात्री. प्राण्याने असो वा पावसाने, मिटलेला पिंजरा अर्धीच रात्र धरा. असे २० असतील तर उरतात २९०; एका जातीचे ९ सापडले तर शंभरामागे ३.१. जमीन आणि झाड यांचे हिशेब वेगळेच ठेवा, एकत्र केले की वाटणीच पुसली जाते.

दुसरी रांग तोडलेल्या, पुन्हा उगवत्या रानात लावा. बाहेरून आलेले उंदीर लुझॉनमध्ये मुख्यतः अशा ठिकाणी दिसतात. शाबूत जंगल मूळच्या जातींनी भरलेले असते. हवाईत मूळचे उंदीर नव्हतेच, तिथे काळा उंदीर जंगलातल्या झाडांवरही चढून बसला आहे.

वरच्या २० पिंजऱ्यांत काहीच आले नाही तर ‘झाडावर कोणी नाही’ असे लगेच लिहू नका. आमिष शिल्लक होते का आणि दार बोटाच्या हलक्या दाबाने पडते का, ते आधी पाहा.