दुर्गम पाड्यांवर वीज नेताना या चुका टाळा

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, गाव म्हणजे एक वस्ती नसते. महसुली दप्तरात नाव एक, प्रत्यक्षात सात-आठ पाडे, आणि मध्ये दऱ्या. पहिली चूक इथेच होते. सरकारी व्याख्येप्रमाणे १० टक्के घरं आणि शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागांवर वीज पोचली की गाव विद्युतीकृत. एप्रिल २०१८ मध्ये देशातल्या शेवटच्या गावाला वीज मिळाल्याची घोषणा झाली, तेव्हाही कितीतरी पाडे अंधारात होते. म्हणून यादी गावाची नको, पाड्यांची करा. शेवटच्या घरापर्यंत पायी जा.

जिथे तारा पोचत नाहीत तिथे सौर पॅनेल आणि बॅटरीवर पाड्यापुरती वीज उभी करतात. दुसरी चूक त्याचं लोड, म्हणजे विजेची एकूण गरज धरताना. सर्वेक्षण होतं उन्हाळ्यात, कारण तेव्हा गाडी वर चढते. समजा ४० घरं आहेत. घरटी ९ वॅटचे चार दिवे पाच तास, ५० वॅटचा पंखा सहा तास, थोडा टीव्ही आणि मोबाइल धरला तर ०.६ युनिट, म्हणजे रोजचे २४ युनिट. एक किलोवॅट पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण चार युनिट देतं, बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट जाऊन तीन उरतात. आठ किलोवॅट पुरेल असं कागदावर दिसतं. पण आषाढ-श्रावणात डोंगरावर ढग उतरतात, उत्पादन निम्म्यावर येतं आणि लोकांना दिव्याची खरी गरज तेव्हाच असते. गणित पावसाळ्याचं करा.

आणि ऊन नसतं तेव्हा ओढे भरलेले असतात, हे विसरू नका. याच भागातल्या बिलगावच्या लोकांनी श्रमदानातून उदय नदीवर १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प २००३ मध्ये उभा केला होता. २००६ च्या पावसाळ्यात तो सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात गेला. आजही त्याची आठवण निघाली की वाईट वाटतं. जागा ठरवताना नुसता आजचा प्रवाह बघू नका. पुराची आणि बुडिताची रेषा नकाशावर आधी आखून घ्या.

शेवटच्या घरात दिवे मिणमिणतात ही नेहमीची तक्रार. लोक पॅनेलला दोष देतात, दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. १६ चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलने ५०० मीटरवर सिंगल फेज ३ किलोवॅट नेलं तर वाटेतच सुमारे २५ व्होल्ट जातात. चालतात २३० व्होल्टच्या फक्त ६ टक्के, म्हणजे १४. संध्याकाळी पूर्ण लोड असताना शेवटच्या घरात व्होल्टमीटर लावून बघा, मगच इन्व्हर्टर उघडा. आणि तो रोज ठरावीक वेळेला ट्रिप होत असेल तर गिरणी कधी सुरू होते ते विचारा. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावा आणि दळण दुपारी, उन्हात ठेवा.

बॅटरीची चूक सगळ्यात महाग पडते. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, त्यामुळे वरच्या २४ युनिटसाठी ४८ व्होल्टवर १००० अँपिअर-तास क्षमतेचा बॅटऱ्यांचा संच लागतो, तोही एकाच रात्रीपुरता. एका पाड्यावर बॅटरीची खोली उघडली, तर टर्मिनलवर पांढरट हिरवा थर, तीन सेल कोरडे आणि कोपऱ्यात ओढ्याच्या पाण्याचा हंडा. सांभाळणारे दादा म्हणाले, "डिस्टिल्ड पाणी तालुक्याला मिळतं. जायचं भाडं कोण देणार?" ओढ्याच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा संपल्या होत्या. पण दादांचं काय चुकलं? आराखड्यात त्या पाण्यासाठी आणि भाड्यासाठी एक रुपयाही धरला नव्हता.

ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची मुख्य लाइन, कधीच येणार नाही असं गृहीत धरणं हीसुद्धा चूकच. बिहारमधल्या धरनईत २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था सुरू झाली, तरी लोक 'असली बिजली', म्हणजे ग्रिडची वीज मागत राहिले. ग्रिड आलं आणि सौर वीज मागे पडली. खांब आणि तारा वीज कंपनीच्या मानकाप्रमाणे टाका, इन्व्हर्टर ग्रिडला जोडता येणारा घ्या.

वीजबिलाची वसुली मात्र दरमहा ठरवू नका. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, कुलूप लावलेल्या घराकडे कसलं बिल मागणार? लोक परततात तेव्हा, हातात पैसा असताना एकत्र रक्कम घ्या. त्यातला ठरलेला वाटा बॅटरी बदलण्यासाठी वेगळ्या पासबुकात टाका आणि जमाखर्च पाड्याच्या बैठकीत लोकांच्या पावरी किंवा भिली बोलीत वाचून दाखवा.