पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स: या चुका टाळा

सीईटीला भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे असतात. सूत्र आठवलं की आकडे घाला आणि पुढे व्हा, असा हात तिथे बसतो. बी.एस्सी.च्या किंवा आयसरच्या पहिल्या वर्षात एकेका गणितावर तासभर जातो, आणि तोच बसलेला हात नडतो.

सगळ्यात आधी घर्षण. ते दिसलं की डोळे मिटून म्यू एन, म्हणजे घर्षणाचा गुणांक गुणिले जमिनीचं लंब बल, लिहिलं जातं. समजा, 2 किलोचा ठोकळा सपाट जमिनीवर स्थिर आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.5, आणि तुम्ही तो 4 न्यूटनने ढकलताय. म्यू एन येतं 9.8. घर्षण खरंच तेवढं असतं, तर ठोकळा उलटा तुमच्याच अंगावर आला असता! खरं उत्तर 4 न्यूटन. म्यू एन ही फक्त कमाल मर्यादा.

मोमेंटममधली (वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग) चूक जास्त चिवट आहे. घर्षण नसलेल्या रुळांवर वाळूची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, धावतेय आणि तळाच्या भोकातून वाळू गळतेय. तिचा वेग वाढेल का? 'मोमेंटम कायम, वस्तुमान कमी, म्हणजे वेग वाढणार', हे उत्तर हमखास येतं आणि ते चूक आहे. गळणारी वाळू सुटताना वाघिणीइतक्याच आडव्या वेगाने जात असते, आपल्या वाट्याचं मोमेंटम घेऊन जाते. वाघिणीवर आडवं बलच नाही, त्यामुळे वेग तोच राहतो. हीच वाळू वरून सरळ खाली वाघिणीत पडत असेल, तर मात्र वेग कमी होतो, कारण त्या वाळूला आडवा वेग वाघिणीनेच द्यायचा असतो. घोळ होतो तो सिस्टिम न ठरवल्यामुळे. एका क्षणाला कोणकोणतं वस्तुमान धरलं, ते लिहा. किंचित नंतरच्या क्षणाला नेमकं तेच वस्तुमान कुठे आहे, तेही लिहा. मग वजाबाकी. रॉकेटचं समीकरण असंच काढायचं असतं, पाठ करायचं नसतं.

पोलर कोऑर्डिनेट्समध्ये (जागा केंद्रापासूनचं अंतर आणि कोन यांनी सांगतात तेव्हा) युनिट व्हेक्टरची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या एकक सदिशाची, दिशा बदलते, याचा विसर पडतो. सेकंदाला 3 रेडियन फिरणाऱ्या सरळ दांड्यावर एक मणी 2 मीटर प्रतिसेकंद या वेगाने बाहेर सरकतोय. दोन्ही वेग स्थिर आहेत, म्हणून त्वरण शून्य? नाही. केंद्राकडचं त्वरण आहेच, शिवाय दांड्याला काटकोनात 2 × 2 × 3, म्हणजे 12 मीटर प्रतिसेकंद वर्ग. डेरिव्हेटिव्ह एकदा स्वतः काढून बघा.

आकडे शेवटी घाला. अक्षरांतलं उत्तर तपासता येतं: पुलीवरच्या दोन वजनांचं त्वरण काढलंत, तर वजनं सारखी केल्यावर ते शून्य यायला हवं, आणि एक वजन नाहीसं केल्यावर जी, म्हणजे गुरुत्वत्वरण. नाही आलं, तर चिन्हं बघा.

सोडवलेली उदाहरणं नुसती वाचू नका. वाचताना सगळं पटतंच. वही मिटून कोऱ्या कागदावर लिहा, आणि जिथे अडाल ती ओळ घेऊन सरांकडे जा. 'काहीच कळलं नाही' म्हणालात तर ते सगळं पहिल्यापासून सांगत बसतील. 'दोरीचं टेन्शन दोन्हीकडे सारखं का धरलं?' असं विचारलंत, तर पुली वजनरहित आणि दोरी हलकी मानली आहे म्हणून, हे उत्तर मिळेल. पुलीला वजन असेल, दोरी न घसरता तिला फिरवत असेल आणि वजनं असमान असतील, तर दोन्ही टेन्शन वेगळी धरावी लागतात, हेही तेव्हाच कळेल.