मेंदूची आकृती बरोबर, उत्तर चूक: डाव्या-उजव्याच्या या चुका टाळा

मेंदूची आकृती मुलं झकास काढतात. वळ्या, नावांच्या रेघा, सगळं जागच्या जागी. खाली 'उजव्या हाताची शक्ती गेली, तर बिघाड कुठे?' असं विचारलं, की पेन्सिल थांबते.

प्रमस्तिष्काचा (मेंदूचा वरचा, सगळ्यात मोठा भाग) डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू हलवतो, हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते कुणी लिहीत नाही. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक चेतातंतू मस्तिष्कपुच्छाच्या (मेंदूचा सगळ्यात खालचा, मानेकडचा भाग) खालच्या टोकाशी बाजू बदलतात. एवढं एक वाक्य लिहिलंत तर 'मस्तिष्कपुच्छ म्हणजे फक्त श्वास आणि हृदयाचे ठोके' हा समजही सुटतो.

पण हे कळलं, की पुढची चूक हमखास होते: तोच नियम अनुमस्तिष्काला (डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असलेला लहान मेंदू) लावला जातो. तिथे तो लागू नाही. अनुमस्तिष्काचा डावा भाग डाव्याच बाजूच्या हालचालींचा नेमकेपणा सांभाळतो, कारण त्याच्या मार्गात उलटापालट दोनदा होते आणि हिशेब मूळपदावर येतो. म्हणून प्रश्न नीट वाचा. डाव्या हातातली ताकद गेली असेल तर आधी उजव्या प्रमस्तिष्काचा विचार करा. ताकद शाबूत आहे, पण नाकाला बोट लावताना नेम चुकतो आणि हात थरथरतो, असं असेल तर डावं अनुमस्तिष्क. जाता जाता, 'अनु' या नावावर जाऊ नका. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज या छोटेखानी भागात आहेत. (जुन्या पुस्तकांतला शंभर अब्ज हा आकडा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनंतर खाली आला.)

डोळ्यांपाशी तर भलेभले फसतात. 'उजव्या डोळ्याचं सगळं डाव्या मेंदूत जातं' हे चूक. प्रत्येक डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा) नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतूच बाजू बदलतात, उरलेले आपल्याच बाजूला राहतात. परिणामी समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग, मग तो कोणत्याही डोळ्याने पाहा, डाव्या अर्धगोलात पोचतो. डाव्या अर्धगोलाच्या मागच्या भागाला इजा झाली, तर माणसाला दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं दिसत नाही. एक डोळा झाकून पाहिलं तरी तेच.

भाषेचं केंद्र डावीकडे, हे फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी पॅरिसमध्ये १८६१ साली तपासलेल्या मेंदूपासून चर्चेत आलं. तो रुग्ण जवळजवळ फक्त 'तां' एवढंच बोलू शके. इजा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात होती. यावरून 'डावखुऱ्यांची भाषा उजवीकडे' असं ठोकून देऊ नका. बहुतेक डावखुऱ्यांचीही ती डावीकडेच असते. आणि 'डाव्या मेंदूची माणसं हिशेबी, उजव्याची कलावंत' हे जाहिरातींना शोभतं, उत्तरपत्रिकेत नको.

करडा (चेतापेशींचा) आणि पांढरा (तंतूंचा) भाग: प्रमस्तिष्कात करडा थर बाहेर, मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातून जाणारी चेतारज्जू) तो आत. आकृतीला छटा देण्याआधी एकदा मनात म्हणा.

शेवटी प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे विचार न करता आपोआप होणारी हालचाल. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो तो मेरुरज्जूच्या पातळीवर. मेंदूला वेदना नंतर कळते. पण डोळ्यावर बॅटरी मारली की बाहुली आकसते, ती मध्यमस्तिष्कामार्फत, म्हणजे मेंदूच्याच मधल्या भागातून. 'सर्व प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूतून होतात' या वाक्यातला 'सर्व' खोडा.