कळंबा जेलमधल्या आपल्या माणसाशी फुकटात व्हिडिओ कॉल कसा लावायचा

घरातलं कुणी आत गेलं की सगळे वकील, कोर्ट, पोलीस स्टेशन यातच पळत असतात आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे कुणी नीट सांगतच नाही, म्हणून हे लिहितोय. चंदगडवरनं नाहीतर गगनबावड्यावरनं कोल्हापूरला मुलाखतीला, म्हणजे जेलमध्ये भेटायला यायचं म्हणजे एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडाली, सोबत पोरं असली तर त्यांचं खाणंपिणं, आणि वर गेटवर ताटकळणं. कळंबा हे मध्यवर्ती कारागृह आहे त्यामुळं लांबलांबच्या जिल्ह्यातले बंदी (कैदी) पण इथं असतात, त्यांच्या घरच्यांचे हाल तर विचारूच नका. सरकारची ई-मुलाकात सोय आहे, कोरोनात सगळीकडं वापरात आली, घरबसल्या व्हिडिओवर बोलता येतं आणि एक रुपया लागत नाही.

सगळ्यात आधी माणूस नेमका कुठं आहे ते बघा. पीसीआर (पोलीस कोठडी) चालू असेल तर तो पोलिसांच्या ताब्यात असतो, जेलमध्ये नाही, तेव्हा ई-मुलाकातचा काही उपयोग नाही. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की मग जेल. आणि कोल्हापुरात बिंदू चौकातलं सबजेल वेगळं आणि कळंबा वेगळं, फॉर्ममध्ये चुकीचं जेल निवडलं तर नोंदणी वायाच गेली समजा. वकिलाला विचारा, ते लगेच सांगतील.

आता मोबाईलवर गुगलला ई-प्रिझन्स टाका. एनआयसीची (सरकारच्या कॉम्प्युटर विभागाची) सरकारी साईट येईल, त्यात ई-मुलाकात वर जायचं. दुसऱ्या कुठल्या ॲपवर किंवा साईटवर आधार नंबर टाकू नका. फॉर्मचे दोन भाग आहेत. वरचा तुमचा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, वय, ओळखपत्राचा नंबर, मोबाईल, ईमेल. ईमेल स्वतःचा, चालू असलेला द्या कारण ओटीपी आणि पुढची माहिती त्यावर येते. बऱ्याच आयाबायांचा ईमेल दुकानदारानं कधीतरी काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, तसं असेल तर सरळ नवीन काढा.

खालचा भाग बंद्याचा, आणि खरी गोची इथंच होते. जेलच्या रेकॉर्डला जे नाव आहे तेच पाहिजे. घरात, गल्लीत सगळे बाळू म्हणत असले तरी तिथं बाळासाहेब असणार, मधे वडिलांचं नाव असणार. वर स्पेलिंग. चौगुले हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हेनं लिहितात, कुणी ए-यू लावतं कुणी ओ-यू, शेवटी कुणी युएलई कुणी एएलई, आणि तेवढ्यावरनं फॉर्म परत येऊ शकतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर (कोर्टातल्या केसची माहिती देणारं सरकारी ॲप) केस उघडून नाव कसं लिहिलंय बघा, शंका असेल तर एकदा मुलाखतीच्या खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या, तो कागद जपून ठेवा, दरवेळी लागतो. मग नातं, तारीख, आणि भेटीचा प्रकार. इथं प्रत्यक्ष भेट आणि व्हिडिओ असे दोन पर्याय असतात, व्हिडिओच निवडला का ते परत एकदा बघा.

ओटीपी टाकून सबमिट केलं की नोंदणी नंबर मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा. मग जेलकडनं मंजुरी आली की वेळ आणि लिंक येते. मेल स्पॅममध्ये पण बघत जा.

कॉलच्या दिवशी वेळेच्या आधीच तयार बसा. चार्जिंग, नेट, आणि मुख्य म्हणजे फोन भिंतीला नाहीतर डब्याला टेकवून ठेवा. म्हातारी माणसं फोन हातात धरतात, हात खाली जातो आणि पलीकडं पोराला आईचं नुसतं कपाळ आणि पदर दिसतो, तो तिकडनं 'आई फोन वर घे' म्हणतोय आणि तिला ऐकूच जात नाही. हेडफोन लावून आदल्या दिवशी घरातल्या घरात एक कॉल करून बघा. मिनिटं मोजकीच असतात हो, 'आवाज येतोय का' यातच निम्मी जातात. काय बोलायचं ते लिहून ठेवा: पुढची तारीख, औषधं, वकील काय म्हणाले, पोरांच्या परीक्षा. आणि आधी पोरांना बोलू द्या, केसचं नंतर. कॉल जेलच्या देखरेखीत असतो, त्यामुळं साक्षीदार वगैरे विषय काढू नका, रेकॉर्डिंग करू नका, तिसऱ्या कुणाला जोडून घेऊ नका.

जेलमधला साधा फोन ही वेगळी सोय. तिथं आधी कॉईनबॉक्स असायचे, 2023 मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डवाले फोन सुरू झाले. त्यात बंदी स्वतः फोन लावतो पण कार्डात पैसे लागतात. मला विचाराल तर हा पण फुकटच पाहिजे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं 2021 मध्ये कायदा करून जेलचे फोन फुकट केले, 2023 पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगात पण. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं 1981 मध्येच फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सांगितलंय की बंद्याला घरच्यांना आणि वकिलाला भेटता येणं हे घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतं. त्यामुळं खिडकीवर विचारताना मान खाली घालून उभं राहायची काही गरज नाही.

'कॉल लवकर लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि आत मोबाईल पोचवायच्या नादाला तर अजिबात लागू नका, कळंब्यात मोबाईल सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील, नवीन गुन्हा अंगावर येतो.

फॉर्म परत परत नाकारला जात असेल तर नोंदणी नंबर घेऊन जेलवर जा आणि कारण विचारा. तरी दाद मिळाली नाही तर 15100 वर फोन करा, ही विधी सेवेची फुकट हेल्पलाईन आहे. नाहीतर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला वकील पण तिथनं फुकट मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12, त्याला उत्पन्नाची अट नाही. जाताना आधारची झेरॉक्स, केस नंबर आणि ते नाकारल्याचे स्क्रीनशॉट सोबत घ्या.