कुमासीच्या राजदरबारातील अक्वासिदाए कसा पाहावा

घानातील कुमासी हे अशांती (असांते) या लोकसमूहाच्या पारंपरिक राजसत्तेचे मुख्य शहर असून, तेथील मान्हिया राजवाड्यात दर ४२ दिवसांनी एका रविवारी अक्वासिदाए हा पूर्वजांना वंदन करण्याचा सोहळा होतो. सहा दिवसांचा जुना आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा यांच्या मेळातून हे चक्र बनलेले असल्यामुळे त्याची तारीख दरवर्षी बदलते. ती आधी पाहून मगच प्रवास ठरवावा. कपडे निवडताना काळा आणि लाल रंग टाळावा, कारण तेथे ते शोकाचे रंग आहेत.

राजा, म्हणजे असांतेहेने, मोठ्या छत्रीखाली येऊन बसण्यापूर्वीच पोहोचावे आणि शक्य तर ढोलवादकांच्या जवळ जागा धरावी. सर्वांची नजर सोन्याच्या दागिन्यांवर खिळते. मात्र माझ्या मते कानांनी पाहण्याचाच हा सोहळा आहे. अतुम्पान ही दोन ढोलांची जोडी असते, एकाचा आवाज खर्जातला आणि दुसऱ्याचा चढा. तेथील त्वी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे वाकड्या काठ्यांनी हेच चढउतार वाजवून वादक राजाच्या पूर्वजांची बिरुदे आणि म्हणी अक्षरशः बोलून दाखवतो. शब्द कळले नाहीत तरी वादन कोठे थांबते आणि त्या क्षणी वृद्ध मंडळी कोठे मान डोलावतात, एवढे टिपले तरी बरेच उमगते.

सोहळ्यातील आदोवा या नृत्यात पाय हलके, गुडघे किंचित वाकलेले आणि खरे बोलणे हातांचे असते, म्हणून मनगटांवर लक्ष ठेवावे. नर्तिका आवडली तर तर्जनी आणि मधले बोट तिच्या डोक्यावर धरून दाद देतात. हेच आदोवा शनिवारच्या अंत्यविधींतही नाचले जाते. यजमानांनी बोलावल्यास तेही अवश्य पाहावे.

भेटीगाठींत रांगेतील माणसांना उजवीकडून डावीकडे अभिवादन करावे आणि हात नेहमी उजवाच पुढे करावा; डावा हात करणे हा अपमान मानला जातो. राजाशी थेट बोलायचे नसते, बोलणे ओक्येआमे या राजवक्त्यामार्फत पोहोचते आणि उत्तरही त्याच्याच तोंडून येते. त्याच्या हातातील काठीच्या टोकाला एखाद्या म्हणीचे कोरीव चित्र असते. ते जवळून पाहावे आणि अर्थ विचारावा.