पावसाळ्याआधी राखणीच्या बंदुकीची नळी साफ करा : चिवट थर काढण्याबाबत सल्ला

पिकं निघाली, राखण संपली की बंदूक वरवर पुसून कपाटात जाते. नळीच्या आत मात्र हंगामभराच्या बारांचा थर तसाच राहतो. हवा दमट झाली की हा थर ओल धरतो आणि त्याच्याखाली पोलाद गंजू लागतं. थर पुढच्या वर्षीही घासून काढता येईल, पण गंजाने पाडलेले खड्डे जात नाहीत आणि नवा मळ त्याच खड्ड्यांत अधिक घट्ट बसतो. म्हणून हे काम पहिल्या पावसाच्या आत उरकायचं.

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. मॅगझिन असेल तर तेही तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवा. नळी सुटी होत असेल तर सोडवूनच घ्या. दारं-खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ विस्तव नसावा, मुलं लांब असावीत. नळीतून निघणाऱ्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

बहुतेक जण इथून थेट घासायलाच लागतात. तसं करू नका. नळी उजेडाकडे धरा आणि दोन्ही टोकांनी आत पाहा, कारण प्रत्येक थराचा उपाय वेगळा आहे. सगळीकडे सारखी पसरलेली काळी काजळी जळालेल्या दारूची असते, ती सहज निघते. राखाडी, लांबट, किंचित चकाकणारे पट्टे दिसले तर ते बहुधा काडतुसातल्या वॅडचं प्लास्टिक असतं. छऱ्यांना धरून ठेवणारा हा प्लास्टिकचा पेला गरम होऊन वेगाने पुढे जाताना नळीला घासतो आणि थोडा थोडा चिकटत जातो. बारा बोअरचं चेंबर 20 मिमीहून थोडं रुंद असतं आणि नळी आतून सुमारे 18.5 मिमी. या दोहोंमधल्या उतारावर आणि पुढे चोकपाशी, म्हणजे तोंडाजवळ नळी किंचित अरुंद होते तिथे, हे प्लास्टिक सर्वांत जास्त साचतं. फेल्ट किंवा पुठ्ठ्याच्या वॅडची काडतुसं वापरत असाल तर छरे थेट नळीला घासतात आणि शिशाच्या मंद रुपेरी रेघा उमटतात. चिंधी तांबूस होऊन बाहेर आली तर तो गंज.

चिवट थर जोर लावून निघत नाही, तो भिजू द्यावा लागतो. कोरडी चिंधी एकदा फिरवून सैल काजळी काढा. मग नळी साफ करायचं द्रावण, म्हणजे बोअर सॉल्व्हंट, चिंधीने आतून सगळीकडे लावा आणि 15 ते 20 मिनिटं तसंच राहू द्या. नळीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे द्रावण दस्त्याच्या लाकडात किंवा चापाच्या यंत्रणेत उतरणार नाही. नंतर बोअरच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश गजाला लावून चेंबरकडून तोंडाकडे ढकला. ब्रश पूर्ण बाहेर निघाल्यावरच मागे ओढा; मध्येच उलटा फिरवला तर तारा मोडतात आणि ब्रश अडकतो. उतारावर आणि चोकपाशी जास्त वेळ द्या. चिंधी फिरवून पाहा, पट्टे उरले असतील तर पुन्हा भिजवा. तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण मात्र विकत घेऊ नका, शिशाच्या छऱ्यांच्या नळीत तांबं नसतंच.

प्लास्टिक तरीही हटलं नाही तर कढत पाणी वापरा, मात्र फक्त सुट्या केलेल्या नळीत. नळी जाड कापडात धरा, कारण ती लगेच तापते. नरसाळ्याने चेंबरकडून पाणी ओता आणि धातू गरम असतानाच ब्रश फिरवा. उष्णतेने मऊ पडलेलं प्लास्टिक सालपटांसारखं निघून येतं. पाण्याचा थेंबही मागे राहता कामा नये, त्यामुळे लगेच कोरड्या चिंध्या फिरवा आणि तेल द्या. शिशाच्या रेघांसाठी जुन्या ब्रशवर ब्राँझ वूल किंवा 0000 नंबरचं सर्वांत बारीक स्टील वूल गुंडाळा, तेलात भिजवा आणि हातानेच घासा. ब्रशला ड्रिल मशीन जोडण्याची युक्ती मला मान्य नाही. एकाच जागी जास्त घासलं गेलं तर धातू परत आणता येत नाही.

वाळू, विटेची भुकटी, पॉलिश पेपर नळीत घालू नका. व्हिनेगर किंवा इतर आम्लांनी नळीचा निळसर काळा मुलामा उतरतो. पेट्रोलची वाफ भडकते. शिसं काढायला पारा वापरण्याची जुनी पद्धत आहे, ती जिवावर बेतणारी आहे, तिच्या वाटेला जाऊच नका. रॉकेलने काजळी सुटते, पण ते गंजापासून वाचवत नाही.

ठासणीच्या बंदुकीचं गणित वेगळं. काळी दारू जळल्यावर मागे क्षार राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि नुसत्या तेलाने निघत नाहीत. तिथे गरम साबणपाणीच हवं, आणि तेही त्याच दिवशी, हंगामाच्या शेवटी नव्हे. मग स्वच्छ पाणी, कोरडं पुसणं आणि तेल.

नळीत फुगवटा, पोचा, खोल खड्डे दिसले किंवा सुटा चोक आत जाम झाला असेल तर घरी खटाटोप करू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. पिळाची नक्षी असलेली जुनी दमास्कस नळी असेल तर आधी त्यालाच विचारा. चोक सहज निघत असेल तर त्याचे आटे पुसून हलकं ग्रीस लावा.

शेवटी आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा. कातडी किंवा कापडी म्यानात पावसाळाभर ठेवू नका, म्यान ओल धरतं. महिन्यातून एकदा काढून पाहा. मळकट चिंध्या चुलीत टाकू नका, विहिरीजवळ किंवा गुरांच्या चाऱ्यापाशीही नकोत. झाकणाच्या डब्यात बंद करून घातक कचऱ्यात द्या.

हंगामात बंदूक पुन्हा बाहेर काढाल तेव्हा पहिलं काडतूस भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसा आणि आरपार पाहा. विसरलेली चिंधी असू शकते, कुंभारमाशीने मातीचं घरही केलेलं असू शकतं. एवढ्याशा अडथळ्यानेही नळी फुटते. काही दिसलं तर चेंबर पुन्हा रिकामं असल्याचं बघून गजाने काढा. बार टाकून मोकळी करायला जाऊ नका.