भाषणासाठी ग्रंथालयात संदर्भ शोधताना या चुका टाळा

महाविद्यालयात भाषणाची असाइनमेंट मिळाली की बरेच विद्यार्थी आधी भाषण लिहून काढतात आणि मग, शिक्षकांनी किमान तीन संदर्भ मागितलेले असतात म्हणून, ते शोधण्यापुरते ग्रंथालयात जातात. हा क्रमच उलटा आहे आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. आधी ठरवून टाकलेल्या विधानाला आधार शोधणारा विद्यार्थी त्या विधानाविरुद्ध जाणारा पुरावा समोर आला तरी तो बाजूला सारतो, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी श्रोत्यांपैकी कोणीतरी नेमका तोच पुरावा पुढे करतो. म्हणून ग्रंथालयात जाण्यापूर्वी वहीत लिहायचा तो एक प्रश्न, भाषण नव्हे.

विषय ठरला, पण प्रश्न ठरला नाही

समजा विषय झोप हा आहे. कॅटलॉगमध्ये एवढा एकच शब्द टाकला तर जी यादी येते तिचे काय करावे हे कळत नाही, आणि त्यातले पहिले पुस्तक जिथे सापडते त्या कपाटापाशीच शोध थांबतो. वास्तविक ड्युई दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयानुसार क्रमांक देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीत, झोपेची पुस्तके एका जागी नसतात: मानसशास्त्राच्या अंगाने लिहिलेली १५४.६ या वर्गांकाखाली, शरीरक्रियेविषयीची ६१२.८ खाली आणि झोपेच्या विकारांवरची ६१६.८ खाली येतात. ही तीन कपाटे एकमेकांपासून बरीच दूर असू शकतात. 'परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण केल्याने दुसऱ्या दिवशीच्या स्मरणावर काय परिणाम होतो?' असा प्रश्न लिहिला, की कोणत्या कपाटाकडे वळायचे हे तर कळतेच. शिवाय केवळ पुस्तकांवर भागणार नाही, अलीकडचे शोधनिबंधही पाहावे लागतील, हेही लक्षात येते.

डेटाबेसमध्ये काहीच सापडत नाही, किंवा हजारो निकाल येतात

हाच प्रश्न जसाच्या तसा डेटाबेसच्या, म्हणजे शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीच्या, शोधचौकटीत टाकणे ही त्यानंतरची चूक. असे पूर्ण वाक्य अनेक डेटाबेसना पेलत नाही. प्रश्नातल्या मुख्य कल्पना सुट्या कराव्यात: जागरण, स्मरण, विद्यार्थी. वेगवेगळ्या कल्पना 'अँड' (AND) ने जोडाव्यात, एकाच कल्पनेचे पर्यायी शब्द 'ऑर' (OR) ने जोडून कंसात ठेवावेत, आणि दोन-तीन शब्दांची ठरलेली संज्ञा अवतरणचिन्हांत टाकावी. निकाल फार आले तर आणखी एक कल्पना 'अँड' ने जोडावी. काहीच आले नाही तर एक कल्पना काढून टाकावी. एखादा शब्द असलेले निकाल वगळणारा 'नॉट' (NOT) मात्र जपून वापरावा, कारण नको असलेला शब्द ओघात एकदा आला म्हणून एखादा अत्यंत उपयुक्त लेखही त्यात गळून जातो.

तरीही शोध अडला, तर बहुधा आपला शब्द आणि डेटाबेसचा शब्द वेगळा असतो. आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो तो वैद्यकीय डेटाबेसमध्ये 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या विषयशीर्षकाखाली, म्हणजे डेटाबेसने त्या विषयासाठी ठरवलेल्या शब्दाखाली, नोंदलेला असतो. यावरचा उपाय सोपा आहे. कामाचा एक जरी लेख हाती लागला तरी त्याच्या नोंदीतली विषयशीर्षके पाहावीत आणि तीच वापरून पुन्हा शोध घ्यावा.

या टप्प्यावर अर्धा तास वाया घालवण्यापेक्षा ग्रंथपालांकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी संकोचाने 'झोपेवर पुस्तक आहे का?' एवढेच विचारतात आणि तेवढ्यापुरतेच उत्तर घेऊन परततात. भाषण किती मिनिटांचे आहे, प्रश्न काय आहे, कोणता डेटाबेस कोणत्या शब्दांनी शोधून झाला, हे सगळे सांगितले, तर ग्रंथपालांना नेमकी मदत करता येते. ते त्यांचे कामच आहे. आपण त्यांना त्रास देत नसतो.

लेख उघडत नाही

गुगल स्कॉलरवर सापडलेला लेख पैसे मागू लागला की विद्यार्थी तो सोडून देतात. त्याआधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून लॉगिन करून तोच लेख पाहावा. त्या नियतकालिकाची वर्गणी ग्रंथालयाने भरलेली असू शकते. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात अनेक नियतकालिकांचे सर्वांत अलीकडचे, साधारणपणे तीन ते पाच वर्षांचे, अंक मिळत नाहीत, त्यामुळे नवे संशोधन दिसले नाही म्हणजे ते झालेलेच नाही असे समजू नये. लेख कुठेच नसेल तर आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीतून, म्हणजे आपल्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून, मागवता येतो. मात्र त्याला काही दिवस लागतात, म्हणून ही मागणी भाषणाच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही.

आकडा घेतला, पण मूळ लेख पाहिला नाही

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. भाषणकलेवरच्या लेखांत एक दावा हमखास भेटतो: संवादाचा केवळ ७ टक्के परिणाम शब्दांचा असतो, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के चेहऱ्याचा किंवा देहबोलीचा. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांवरून आले आहेत. ते अभ्यास उघडून पाहिले तर त्यांत भाषण नाहीच. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, तसेच स्वराबरोबर चेहऱ्याची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड हे सहभागी व्यक्तींना ओळखायला सांगितले होते. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीच्या संवादापुरतेच आहे, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. त्यावरून कोणत्याही भाषणात शब्दांना ७ टक्केच महत्त्व असते, असा निष्कर्ष निघत नाही.

म्हणून एखादा आकडा आवडला की तो जिथे वाचला तिथली संदर्भसूची पाहावी, त्यातला मूळ लेख शोधावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात: अभ्यास कोणावर केला, नेमके काय मोजले आणि लेखकांनी स्वतः कोणत्या मर्यादा सांगितल्या. केवळ सारांश वाचून हे कळत नाही, कारण मर्यादा बहुधा लेखाच्या शेवटच्या चर्चेत दिलेल्या असतात. मूळ लेखाचा उल्लेखच सापडत नसेल, तर तो आकडा भाषणात घेऊ नये.

संदर्भ कागदावर राहिला

निबंधाच्या वाचकाला तळटीप दिसते, श्रोत्याला दिसत नाही. शेवटच्या स्लाइडवर संदर्भसूची टाकून भाषणात कोणाचेच नाव न घेणे म्हणजे संदर्भ न देण्यासारखेच आहे. त्याउलट लेखाचे लांबलचक शीर्षक, खंड आणि अंक वाचून दाखवला तर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. कोण, केव्हा आणि कोणत्या नात्याने, एवढे वाक्यातच यावे: 'मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये भावनांच्या संवादाविषयी केलेल्या अभ्यासात...' हे मुद्द्याच्या आधी म्हणावे, म्हणजे पुढचे विधान कोणाचे आहे हे ऐकतानाच कळते.

पाच मिनिटांच्या भाषणात साधारण ६०० ते ७०० शब्द मावतात, तेव्हा त्यात दहा संदर्भ कोंबण्याऐवजी नीट वाचलेले तीन-चार पुरतात. टिपण काढतानाच लेखकाचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक लिहावा, आणि लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत ठेवावेत. आठवड्यानंतर आपले वाक्य कोणते आणि त्यांचे कोणते हे सांगता येत नाही. भाषणाच्या दिवशी मुख्य आकड्याच्या मूळ पानाची प्रत टिपणांसोबत ठेवावी, म्हणजे कोणी 'हे कुठे म्हटले आहे?' असे विचारले तर पान काढून दाखवता येते.